शेळी-मेंढीची जार: संप्रेरकांच्या जनुकांचा अभ्यास करायचा तर नमुना कसा घ्यावा

पशुवैद्यक शाखेची पदव्युत्तर मुलं-मुली एकच तक्रार घेऊन येतात: "लॅबमध्ये सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, तरी जारेतून आरएनए तुटकाच निघतो." (आरएनए म्हणजे कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा पेशीतला रेणू.) मग किट बदललं जातं, मशीन तपासलं जातं, प्रायमर (हवं ते जनुक शोधणारे छोटे डीएनए-तुकडे) नव्याने मागवले जातात. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. दहिवडीच्या एखाद्या गोठ्यात किंवा जतच्या माळावरच्या मेंढरांच्या वाड्यात, जार पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ती होऊन गेलेली असते. म्हणून या लेखात मशीनवर कमी आणि गोठ्यावर जास्त लिहिलं आहे.

जार म्हणजेच वार. पुस्तकात तिला अपरा म्हणतात. इथे मी जारच म्हणेन, कारण ज्यांच्याकडून ती घ्यायची ती माणसं हाच शब्द वापरतात.

टप्पा १: पडलेली जार कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते ते आधी ठरवा

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. प्रबंधाचा विषय असतो "गाभणकाळातील जारेची वाढ" आणि नमुने असतात व्यायल्यानंतर पडलेल्या जारेचे. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा, शेळीचा १५० च्या आसपास. मेंढीत जारेची वाढ ७५ ते ९० दिवसांच्या दरम्यान शिखराला पोचते. गर्भाचं वजन मात्र मुख्यतः शेवटच्या सहा-सात आठवड्यांत वाढतं. पडलेली जार ही शेवटच्या काही तासांची साक्षीदार असते. साठाव्या दिवशी तिच्यात काय चाललं होतं ते ती सांगू शकत नाही.

त्यात व्यायच्या आधी जारेचं कामकाजच पालटतं. मेंढीत गर्भाच्या कॉर्टिसॉलमुळे जारेतलं सायप-१७ हे जनुक जोरात चालू होतं. त्यामुळे प्रोजेस्टेरॉनचं रूपांतर होऊन इस्ट्रोजेन वाढतं आणि वेणा येण्याची तयारी होते. पडलेल्या जारेत सायप-१७ जास्त दिसलं, तर त्याचं श्रेय तुमच्या खुराकाच्या प्रयोगाला लगेच देऊ नका. ते कदाचित नुसतं वेत जवळ आल्याचं लक्षण असेल.

शेळी आणि मेंढी एकाच गटात घालू नका. मेंढीत साधारण ५० ते ५५ दिवसांनंतर गाभ टिकवण्याइतकं प्रोजेस्टेरॉन जार स्वतः बनवते. शेळी मात्र शेवटपर्यंत प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या, अंडाशयातल्या पीतपिंडावर अवलंबून असते. कळप एकच, चारा एकच, पण संप्रेरकांचा हिशोब वेगळा.

आणखी एक गोष्ट उघडच लिहितो, कारण ती दबक्या आवाजात विचारली जाते. मधल्या काळातली जार मिळावी म्हणून कत्तलखान्यातून गाभण गर्भाशय आणायचा विचार डोक्यातून काढा. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावराची कत्तल करता येत नाही. मधला काळच अभ्यासायचा असेल तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि पॅग प्रथिनं (गाभ असताना जार बनवते ती) मोजा, सोनोग्राफीवर जारेच्या गाठींचा (जार गर्भाशयाला जिथे जोडलेली असते त्या उंचवट्यांचा) व्यास मोजा, आणि प्रश्न त्या साधनांना झेपेल असाच मांडा.

*तपासा:* तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात "वेताच्या वेळी" हे शब्द बसत नसतील, तर पडलेली जार तुमच्या कामाची नाही.

टप्पा २: परवानगी आणि माणसं

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. जार आपोआप पडते, जनावराला सुईसुद्धा लागत नाही, हे खरं. तरी जनावराच्या मालकाची लेखी संमती आणि समितीचा कागद हातात नसेल तर पुढे सगळं काम अडतं.

कागदाइतकंच महत्त्वाचं आहे ते गोठ्यातलं बोलणं. शेळ्या बहुतेक घरांत बायका सांभाळतात, आणि वेताची वेळ त्यांनाच अचूक कळते. मालकाशी बोलून निघून येऊ नका. "आक्का, शेळीनं कास टाकली, पुठ्ठे सैल पडले, कळपातून बाजूला जाऊन उभी राहायला लागली की मला फोन करा. रात्री दोनला केला तरी चालेल," असं त्यांना सांगा. आणि दोनला फोन आला तर खरंच जा. एकदा गेला नाहीत की पुढचा फोन येत नाही.

दोन वेळा तेवढ्या टिपून ठेवायला सांगा: शेवटचं करडू कधी बाहेर पडलं आणि जार कधी पडली. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच, तिच्यावरच पेन दोऱ्याने बांधून द्या. मेंढपाळांच्या वाड्यावर फोनवरून फोटो पाठवायला सांगितलेलं सोपं जातं, कारण फोटोवर वेळ आपोआप येते.

टप्पा ३: पेटी आदल्या दिवशी भरा

फोन आल्यावर सामान शोधायला लागलात तर तो नमुना गेला असं समजा. पेटीत हे हवंच:

- जाड नायट्राइल हातमोजे, दोन थरांसाठी पुरतील इतके. एन-९५ मास्क, चष्मा, प्लास्टिकचा अ‍ॅप्रन, गमबूट
- निर्जंतुक ब्लेड आणि चिमटे, प्रत्येक जनावरासाठी वेगळा संच
- बर्फात ठेवलेली ०.९ टक्के सलाईनची बाटली
- आरएनए-लेटर (आरएनए टिकवून ठेवणारं द्रावण) भरलेल्या कुप्या, प्रत्येक जनावरासाठी किमान चार
- १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनची एक छोटी बरणी, वेगळ्या पिशवीत
- आरएनेज नष्ट करणारा फवारा, स्वच्छ ट्रे, वजनकाटा, मापपट्टी, दोरा
- पेन्सिल, थंडीत न पुसणारं मार्कर, छापील नोंदपत्रक

आरएनए तोडणारी विकरं, म्हणजे आरएनेज, आपल्या कातडीवर, घामात, धुळीत सगळीकडे असतात, आणि ती फार चिवट असतात. ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे ती संपली असं नाही. काचेची आणि धातूची उपकरणं भट्टीत कोरडी तापवा: १८० अंश सेल्सिअसला रात्रभर किंवा २४० अंशाला चार तास. प्लास्टिक मात्र आरएनेजमुक्त असं लिहिलेलंच विकत घ्या.

आरएनए-लेटर फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर त्यात मिठाचे खडे धरतात. तसंच ओतू नका. कोमट पाण्यात बाटली ठेवून खडे पूर्ण विरघळवा, मगच कुप्या भरा.

कुप्यांवर नावं निघण्याआधी घाला. साध्या मार्करची अक्षरं अल्कोहोलचा एक थेंब लागला की जातात. जनावराच्या कानात १२ आकडी बिल्ला असेल तर तोच क्रमांक वापरा. "काळी शेळी, शिंग मोडलेली" ही नोंद वाड्यावर पुरेशी असते, पण सहा महिन्यांनी फ्रीजरपाशी उभं राहिल्यावर तिचा काही उपयोग नसतो.

टप्पा ४: गोठ्यात थांबणं

> सावधान: जारेतून ब्रुसेलोसिस, क्यू ताप, लिस्टेरिया, क्लॅमिडिया असे आजार माणसाला होऊ शकतात. शेळी-मेंढीतला ब्रुसेला जारेत आणि गर्भजलात प्रचंड संख्येने असतो. गाभाडलेल्या जनावराच्या जारेला या अभ्यासासाठी हात लावू नका; पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तुमच्या गटात कुणी गरोदर असेल तर तिने या टप्प्यावर अजिबात येऊ नये. घरातल्या गरोदर बाईलाही जारेपासून लांब ठेवायला सांगा.

ही ताकीद मी मनापासून देतोय. उघड्या हाताने जार उचलणारे मी खूप पाहिलेत, त्यात शिकलेलेही होते. ब्रुसेलोसिसचा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.

जार पडायची वाट बघा. ओढू नका. लोंबणाऱ्या जारेला वजन म्हणून काहीतरी बांधायची सवय गावोगाव आहे. तुमच्यासमोर कुणी बांधत असेल तर हात जोडून थांबवा. ओढलेल्या जारेचे तुकडे आत राहतात, गर्भाशयाला इजा होते, आणि तुम्हाला हवी असलेली गाठ चिरडली जाते. १२ तास उलटूनही जार पडली नाही तर ती अडकलेली समजा. पशुवैद्यकाला बोलवा, आणि ते जनावर तुमच्या यादीतून काढा किंवा "अडकलेली जार" या वेगळ्या गटात घाला.

थांबण्याचा वेळ नोंदपत्रक भरण्यात घालवा: जात, वय, कितवं वेत, करडांची संख्या, प्रत्येकाचं लिंग आणि वजन, आणि व्यायच्या आधीच्या आठवड्यात दिलेलं प्रत्येक इंजेक्शन. डेक्सामेथासोन, प्रोस्टाग्लँडिन किंवा ऑक्सिटोसिन दिलं असेल तर तुमच्या जनुकांवर त्याची थेट छाप पडते. मालक विसरलेला असतो; औषधाची रिकामी बाटली दाखवायला सांगा.

फलटण भागात जुळ्यांचा प्रश्न विशेष येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणलं, त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. बीएमपीआर-१बी या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने मेंढी जास्त अंडी सोडते आणि जुळी वाढतात. जुळ्यांमध्ये गर्भाशयातल्या ठरावीक जागा दोन गर्भांत वाटल्या जातात, त्यामुळे एकेका कोकराच्या वाट्याला गाठी कमी येतात. अशा कळपात एकाच्या आणि जुळ्यांच्या जारा मिसळल्या तर तुमचा निकाल खुराकाचा की कोकरांच्या संख्येचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. पहिलं कोकरू बाहेर आल्यावर त्याच्या नाळेच्या जारेकडच्या टोकाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणती जार कुणाची ते नंतर ओळखता येतं.

टप्पा ५: जार पडल्यापासून कुपीत जाईपर्यंत

घड्याळ लावा. पडल्यापासून तुकडा कुपीत जाईपर्यंत ३० मिनिटं, ही मी स्वतःला घातलेली मर्यादा. वैशाखात माणदेशातल्या पत्र्याच्या गोठ्यात ती मी १५ वर आणतो. हुकली तर नमुना फेकत नाही, पण नोंदीत खरी मिनिटं लिहितो आणि विश्लेषणात ती धरतो. सगळ्या नमुन्यांना डोळे झाकून "३० मिनिटांच्या आत" असं लिहिणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

१. जार जमिनीवरून उचलताना शेण-माती लागलेला भाग ओळखून ठेवा. तिथून नमुना घ्यायचा नाही. शक्य असेल तर आधीच खाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा.

२. ट्रेमध्ये पसरवा, फोटो काढा, वजन करा, गाठी मोजा. शेळी-मेंढीत गाठी शंभराच्या आसपास, जनावरागणिक कमी-जास्त असतात. हे काम पाच मिनिटांत उरका. दोघं असाल तर एकाने मोजावं आणि दुसऱ्याने कापावं, हे उत्तम.

३. गर्भ गर्भाशयाच्या ज्या शिंगात (फाट्यात) होता त्या बाजूच्या मधल्या पट्ट्यातून, नाळेपासून सारख्याच अंतरावर, चार ते पाच मध्यम आकाराच्या गाठी निवडा. एका शेळीत टोकाची गाठ आणि दुसरीत नाळेजवळची, असं झालं की फरक जागेचा निघतो आणि तो उपचाराच्या नावावर खपतो.

४. थंड सलाईनमध्ये दोन-तीनदा खळखळून रक्त काढा. नळाचं पाणी वापरू नका. त्यात पेशी फुगून फुटतात. रक्त तसंच ठेवलं तर त्यातला हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) पुढे पीसीआर, म्हणजे जनुकाचा तुकडा वाढवून मोजण्याची चाचणी, अडवतो.

५. ब्लेडने गाठीच्या जाडीतून तुकडे कापा. प्रत्येक तुकडा तुरीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम, आणि एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ.

६. तुकड्याच्या पाच ते दहा पट आरएनए-लेटरमध्ये लगेच बुडवा. कुपी उलटसुलट करून तुकडा भिंतीला चिकटला नाही ना ते पाहा.

७. शेजारचाच एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाका, पण सगळ्या आरएनए-कुप्या बंद झाल्यावर आणि वेगळ्या चिमट्याने.

पाचव्या पायरीवर जरा थांबतो, कारण माझी पहिली मोठी चूक हीच होती. जत तालुक्यातून माडग्याळ मेंढ्यांचे नमुने आणताना मी सुपारीएवढे तुकडे कापले, "पुढे लागले तर असावेत" म्हणून. द्रावण बाहेरच्या थरात मुरलं आणि आतला गर तसाच सडला. पुऱ्या हंगामाचं काम वाया गेलं. मेंढपाळांनी रात्री-अपरात्री केलेले फोन आठवून मला आजही वाईट वाटतं.

सातवी पायरी अनेक जण गाळतात. ती गाळू नका. जारेतल्या द्विकेंद्रकी पेशी प्लॅसेंटल लॅक्टोजेन आणि पॅग बनवतात. त्या आईच्या बाजूला सरकून तिथल्या पेशींशी एकजीव होतात. वेत जवळ आल्यावर त्यांची संख्या घटते. लॅक्टोजेनचं जनुक कमी दिसलं तर पेशी कमी झाल्या की प्रत्येक पेशीतलं काम कमी झालं? हे फक्त फॉर्मेलिनमधल्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कळतं.

*तपासा:* पडलेल्या जारेतली गाठ ही गर्भाची बाजू आहे, कॉटिलेडॉन. आईची बाजू, कॅरंकल, गर्भाशयातच राहते. तिचे थोडे अवशेष काय ते गाठीला चिकटून येतात. म्हणून तुमच्या आकड्यांची तुलना अखंड प्लॅसेंटोमच्या (दोन्ही बाजू एकत्र असलेल्या गाठीच्या) प्रकाशित आकड्यांशी करू नका.

उरलेली जार मालकाला विचारून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खड्डा खणा.

टप्पा ६: गोठ्यापासून फ्रीजरपर्यंत

आरएनए-लेटरमधली कुपी लगेच गोठवायची नाही. एक रात्र ४ अंशाला ठेवा म्हणजे द्रावण आत मुरेल. मग द्रावण काढून तुकडा उणे ८० ला. जतहून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायला अर्धा दिवस जातो, तेवढा प्रवास बर्फाच्या पेटीत सहज निभतो. या द्रावणाचा मोठा फायदा हाच की २५ अंशाला आठवडाभर आणि ४ अंशाला महिनाभर ऊती टिकते.

द्रव नायट्रोजन मिळत असेल तर तो आणखी चांगला. कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे कंटेनर असतातच. पण वीर्यकांड्यांच्या चालू कंटेनरमध्ये जारेच्या कुप्या घालू नका, स्वतंत्र कंटेनर घ्या. नायट्रोजन उणे १९६ अंशाचा असतो. तो बंद गाडीत उडत राहिला तर प्राणवायू कमी होतो, म्हणून काच उघडी ठेवा. कुपीत द्रव शिरला असेल तर बाहेर काढताना ती फुटू शकते, चष्मा घाला.

घरगुती फ्रीजरवर विसंबू नका. बर्फ न धरणाऱ्या फ्रीजरमध्ये तापमान मुद्दाम वरखाली होतं, आणि वीज गेली की प्रश्नच मिटला. प्रत्येक जनावराच्या कुप्या दोन भागांत करून दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा.

टप्पा ७: आरएनए काढणं

हे तुम्हाला शिकवलेलं असतं, म्हणून नेहमी चुकतं तेवढंच सांगतो. ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलि ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए वेगळा काढणारं द्रावण). ऊती जास्त घातली की आरएनए जास्त मिळत नाही, घाण जास्त मिळते. क्लोरोफॉर्मनंतर वरचा पारदर्शक थर घेताना शेवटचे थेंब सोडून द्या. मधल्या थराला टोक लागलं की डीएनए आलाच. डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया प्रत्येक नमुन्याला करा.

> सावधान: ट्रायझॉलच्या कचऱ्यात ब्लीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

*तपासा:* प्रकाश शोषणाचं २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास, २६०/२३० गुणोत्तर १.८ ते २.२. पण ही गुणोत्तरं फक्त शुद्धता सांगतात, अखंडपणा सांगत नाहीत. पूर्ण तुटलेला आरएनएही २.० दाखवतो. जेलवर रायबोसोमच्या आरएनएच्या २८एस आणि १८एस या दोन ठळक पट्ट्या दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. आरआयएन (अखंडपणाचा १ ते १० मधला गुण) मोजता येत असेल तर ७ च्या वरचे नमुने घ्या. खालचे घ्यावेच लागले तर सगळ्या गटांत ते सारख्या प्रमाणात आहेत का ते बघा.

टप्पा ८: जनुकांची यादी, क्यूपीसीआर आणि हिशोब

मानवी जारेवरच्या शोधनिबंधातली यादी जशीच्या तशी उचलू नका. एचसीजी हे संप्रेरक रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जारेत नसतं. प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे नाव दोन्हीकडे आहे, पण मूळ वेगळं: माणसात ते वृद्धी-संप्रेरकाच्या जनुकापासून आलं, शेळी-मेंढी-गाईत प्रोलॅक्टिनच्या कुळातून. इंटरफेरॉन-टाऊ हा गाभ ओळखण्याचा पहिला संकेत खरा, पण तो मेंढीत तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ओसरतो. पडलेल्या जारेत तो शोधण्यात अर्थ नाही. स्टार, सायप-११ए-१, थ्री-बीटा-एचएसडी, सायप-१७, सायप-१९, प्लॅसेंटल लॅक्टोजेन ही सुरुवातीची यादी पुरते; पहिली पाच प्रोजेस्टेरॉन-इस्ट्रोजेन बनवण्याच्या साखळीतली आहेत. पॅग घेणार असाल तर जपून. या कुळात एकमेकांसारखी बरीच जनुकं आहेत, आणि एकाच प्रायमरला त्यांतली अनेक लागू शकतात.

प्रायमर शेळीसाठी शेळीच्या आणि मेंढीसाठी मेंढीच्या क्रमावरून बनवा. कार्यक्षमता ९० ते ११० टक्के हवी. वितळण-आलेखात एकच शिखर हवं, म्हणजे एकच तुकडा वाढला असं समजतं. आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या आरटी विकराशिवायची एक नळी आणि नमुन्याशिवायची एक नळी प्रत्येक प्लेटवर असू द्या.

संदर्भ-जनुक (ज्याच्याशी बाकीची तोलायची ते स्थिर जनुक) म्हणून एकटं जीएपीडीएच वापरून थांबू नका. वायडब्ल्यूएचएझेड आणि एसडीएचए घेऊन तिन्ही तुमच्याच नमुन्यांत स्थिर आहेत का ते तपासा. संदर्भ-जनुक गटांमध्ये एका चक्राने हललं तर निकाल दुपटीने फिरतो.

एका शेळीच्या पाच गाठी म्हणजे पाच नमुने नव्हेत. ती एकच शेळी. पाच गाठींची सरासरी काढा आणि संख्याशास्त्रात जनावरं मोजा. सहा शेळ्यांचे तीस नमुने करून मिळालेला फरक परीक्षक पहिल्याच प्रश्नात मोडून काढतात, आणि ते बरोबर असतात.

प्लेट लावताना सगळे नियंत्रण-गट सोमवारी आणि सगळे प्रयोग-गट मंगळवारी असं करू नका. दोन्ही गट प्रत्येक प्लेटवर मिसळा. आणि दुसऱ्या फ्रीजरमधल्या कुप्या निकाल हातात आल्यावरही ठेवून द्या. वितळण-आलेखात कधी दुसरं शिखर उगवलं तर ते जनावर पुन्हा व्यायची वाट बघण्यापेक्षा ती कुपी उघडणं सोपं जातं.